अलीकडील बदल तपासताना: उत्पात कसा ओळखायचा, कुठपर्यंत उलटवायचा आणि काय उलटवायचं नाही

नीरक्षीर (धागाकर्ता)

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. लेख लाखाच्या घरात गेलेत, पण रोज अलीकडील बदल (विकीवरच्या ताज्या संपादनांची यादी) उघडून बसणारी माणसं फार थोडी. त्यामुळे पहिल्या दोन-चार दिवसांत जो उत्पात (मुद्दाम केलेली मोडतोड) नजरेतून सुटतो, तो वर्षानुवर्षं लेखात बसून राहतो. अलीकडील बदलांची यादी तीस दिवसांपलीकडे मागे जात नाही. त्यानंतर तो बदल फक्त त्या पानाच्या इतिहासात उरतो, आणि कुणी मुद्दाम तिथे गेलं तरच दिसतो.

नव्याने तपासणी करू लागलेल्यांची एक चूक सारखी दिसते, म्हणून हा धागा. चूक अशी: यादीत वाईट बदल दिसला, 'उलटवा' दाबलं, पुढच्या पानावर गेले. बटण दाबणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे. खरं काम म्हणजे शेवटची चांगली आवृत्ती कोणती, हे शोधणं.

एका गावाच्या लेखाचा इतिहास असा आहे असं धरा. वर नवं, खाली जुनं. कंसात पान किती बाइट्सनी वाढलं किंवा घटलं ते. सारांश म्हणजे बदलाबद्दल संपादकाने लिहिलेली ओळ, तात्पुरतं खातं म्हणजे नोंदणी न केलेला संपादक, सांगकाम्या म्हणजे आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम.

५. सांगकाम्या (−६)
४. तात्पुरतं खातं 'क' (+७४), सरपंचाच्या नावाची आणि कौतुकाची ओळ
३. तेच खातं 'क' (०), सारांश रिकामा
२. नोंदणीकृत सदस्य (+३१०), शाळेबद्दल दोन वाक्यं, संदर्भासह
१. दुसरं तात्पुरतं खातं 'ख' (−१,२००), सारांश रिकामा
०. जुनी आवृत्ती

यादीत तुम्हाला दिसलं क्रमांक ४. तेवढंच उलटवलंत तर ३ मधला बदललेला लोकसंख्येचा आकडा तसाच राहिला, आणि १ मध्ये उडवलेला 'इतिहास' हा अख्खा विभागही गेला तो गेलाच. वर तुमचं नाव आणि 'उत्पात उलटवला' हा सारांश बसला, की पुढचा तपासणारा पान हाताळून झालंय असं समजून निघून जातो. अर्धवट उलटवलेला उत्पात न उलटवलेल्यापेक्षा जास्त टिकतो, तो यामुळे.

द्रुतमाघारीचा अधिकार असला तरी इथे तो वापरून चालत नाही. द्रुतमाघार सगळ्यात वरच्या संपादकाची सलग संपादनं मागे घेते. इथे वर सांगकाम्या आहे, म्हणजे त्याचंच बिनचूक काम मागे जाईल. आणि ० ही आवृत्ती उघडून ती जशीच्या तशी जतन केली, तर २ मधली शाळेची माहितीही पुसली जाते. ज्या सदस्याने संदर्भ शोधून ती दोन वाक्यं लिहिली, तो पुन्हा येईलच असं नाही.

योग्य क्रम असा. इतिहासात ० आणि ५ समोरची गोल बटणं निवडून तुलना करायची. मधल्या आवृत्त्या दाखवलेल्या नाहीत अशी ओळ वर येते, ती वाचायची. या एका फरकात काय काय गेलं आणि काय आलं, हे एकत्र दिसतं. मग २ आणि ४ यांची तुलना उघडून त्या फरकावरूनच 'उलटवा' म्हणायचं, म्हणजे ३ आणि ४ एकदम जातात. त्यानंतर १ उलटवून पाहायचं. मधल्या संपादनांमुळे आपोआप उलटवता येत नाही असा निरोप आला, तर ० ची आवृत्ती संपादनासाठी उघडायची, गेलेला विभाग तेवढा उचलायचा, चालू आवृत्तीत योग्य जागी चिकटवायचा. जुनं पान चुकून जतन होऊ नये म्हणून ते वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि काम झालं की लगेच बंद करा.

सारांशात नुसतं 'उत्पात' लिहू नका. 'आवृत्ती १ मध्ये वगळलेला इतिहास विभाग परत आणला, लोकसंख्या जनगणनेप्रमाणे' असं लिहिलं, तर पुढच्याला पुन्हा खणावं लागत नाही.

घाटमाथा

वरच्या उदाहरणातल्या (०) कडे सगळ्यांनी थांबून पाहावं. बाइट्सचे आकडे मराठीत वेगळ्या पद्धतीने वाचावे लागतात, आणि इंग्रजी विकीवरून आलेली मंडळी नेमकी इथे फसतात.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. स्वर, व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, देवनागरी अंक, सगळ्यांना तोच हिशोब. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा, अशी ४ चिन्हं, १२ बाइट्स. 'क्ष' दिसतो एक, असतो ९ बाइट्सचा. म्हणून यादीत (−५००) लाल दिसलं, तरी प्रत्यक्षात दीडशे-पावणेदोनशे चिन्हंच गेलेली असतात, म्हणजे साधारण दोन ओळी. आणि (+३) म्हणजे बहुतेकदा एखादा अनुस्वार.

घातक बदल छोट्या आकड्यांत लपतात. वाक्यात 'नाही' घातलं तर चार चिन्हांचे १२ आणि मोकळ्या जागेचा १, एकूण (+१३). 'अमान्य' मधला 'अ' काढला तर (−३), आणि निकाल उलटा. साल १९२७ चं १९७२ केलं तर (०). 'आहेत' च्या जागी 'होते' लिहिलं तरी (०), कारण दोन्ही शब्द चार चिन्हांचे. हयात व्यक्तीच्या लेखात पहिल्याच ओळीत हा एवढा बदल म्हणजे माणूस मेल्याची बातमी झाली, आणि यादीत शून्य दिसतं.

गाळण्या लावून फक्त मोठे बदल बघणाऱ्यांच्या हातून हे सगळं सुटतं. सारांश रिकामा, फरक शून्य आणि खातं नवं, हे तीन एकत्र दिसले की तो फरक आधी उघडायचा, असं माझं मत आहे. हजार-दोन हजार बाइट्स उडवणारा कुणाच्याही लक्षात येतो.

शब्दखूण

घाटमाथा, एक भर घालते. शून्याचा संशय घ्यावा तसा (+३), (−३) आणि (−६) चा घेऊ नये असाही एक प्रकार आहे, आणि त्यात निष्पाप लोकांना ताकीद मिळते.

फरक उघडला, डावी-उजवी ओळ डोळ्यांना अगदी सारखी, पण एक शब्द रंगवलेला. हे बहुतेकदा न दिसणाऱ्या जोडचिन्हाचं काम असतं. 'दुसऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पहिला शब्द २१ बाइट्सचा, दुसरा २४ चा. पडद्यावर दोन्ही सारखे. तसंच 'ॲप' मधला ॲ एकच अक्षर म्हणून टंकला तर ३ बाइट्स, आणि अ, अदृश्य जोडचिन्ह, वर अर्धचंद्र असा जोडून केला तर ९. सांगकामे हे एकसारखं करत फिरतात, त्यामुळे एका शब्दामागे (−६) दिसतं. नीरक्षीर यांच्या उदाहरणातलं क्रमांक ५ तसंच असावं.

हा उत्पात नव्हे, शोध चालावा म्हणून केलेली साफसफाई आहे. फक्त एक पाहा: बदललेला शब्द चौकोनी कंसातल्या दुव्यात असेल, तर विकीच्या दृष्टीने ती दोन वेगळी शीर्षकं आहेत. पुनर्निर्देशन (एका शीर्षकावरून दुसऱ्याकडे नेणारं पान) नसेल तर निळा दुवा लाल होतो, म्हणजे असं पानच नाही असं दिसतं. साच्याच्या (अनेक पानांवर वापरला जाणारा सामायिक मजकूर) नावात किंवा चित्राच्या नावात असेल, तर साचा किंवा चित्र दिसेनासं होतं. तेवढंच दुरुस्त करायचं, सगळं संपादन उलटवायचं नाही.

आणखी एक. लेखात मधेच तीन-तीन अवतरणचिन्हांच्या आत 'ठळक मजकूर' असं आलं असेल, तर कुणीतरी वरची बटणं दाबून पाहिली आहेत. एकामागे एक दोन काने, सुटी पडलेली वेलांटी, शब्दाच्या सुरुवातीला तरंगणारी मात्रा, हे मोबाइलच्या कळफलकाचे प्रताप. उलटवा जरूर, पण त्या माणसाच्या चर्चापानावर ताकीद न देता स्वागत आणि धूळपाटीचा (सरावाच्या पानाचा) दुवा द्या.

तळटीप

आकड्यांच्या बाबतीत बदल झालेला दिसला म्हणून तो चूक असतोच असं नाही. जनगणनेचे आकडे घ्या, कारण गावं, तालुके, जिल्हे मिळून आपल्याकडच्या लेखांचा मोठा भाग त्यावर उभा आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची अंतिम लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्याआधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा ११,२३,७२,९७२. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही जालावर सगळीकडे आहेत. एखाद्याने पहिल्याच्या जागी दुसरा घातला तर तो खोडसाळपणा नाही. त्याच्या हाती जुना तक्ता आहे. अंतिम आकडा परत आणा आणि सारांशात 'तात्पुरता आकडा होता, अंतिम घातला' असं लिहा. पण ११,२३,७४,३३३ चं ११,३२,७४,३३३ झालं, तर तो आकडा कुठल्याच तक्त्यात नाही. एक तर टंकताना अंक उलटे पडलेत किंवा कुणी मुद्दाम केलंय. त्याच खात्याचं योगदान उघडायचं. तीन-चार वेगवेगळ्या पानांवर असेच अंक फिरवलेले दिसले, तर मुद्दाम.

ठाणे जिल्ह्याचं असंच. २०११ चा आकडा १,१०,६०,१४८, पण त्यात आजचा पालघर आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. कुणी ठाण्याची लोकसंख्या एकदम काही लाखांनी खाली आणली, की बघणाऱ्याला उत्पात वाटतो. त्याने कदाचित पालघरचे तालुके वजा केलेले असतात. इथे उलटवण्याऐवजी आकड्यापुढे 'पालघरसह' असं लिहिणं जास्त उपयोगाचं.

नियम म्हणाल तर एकच: आकडा बदलला आणि शेजारचा संदर्भ तसाच राहिला, तर संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नये. नव्या आकड्यासोबत नवा संदर्भ आला असेल, तर तोही उघडावा. दुवा नुसता निळा आहे म्हणून आकडा तिथे असतोच असं नाही.

शिवाजी महाराजांच्या जन्मसालाचा वाद तर सगळ्यांना ठाऊक आहे. १६३० च्या जागी १६२७ घालणारा दर वेळी उत्पाती नसतो. दोन्ही तिथींमागे अभ्यासकांची मांडणी आहे. तो आशयाचा वाद आहे, त्याची जागा लेखाचं चर्चापान. चर्चा न करता दिवसातून चार वेळा तेच साल बदलणं हा मात्र वर्तनाचा प्रश्न, आणि तो प्रचालकांकडे (विकीवर पानं सुरक्षित करण्याचे, खाती अडवण्याचे अधिकार असलेले सदस्य) न्यायचा.

पानगळ

नामांतरांचं काय करायचं? छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव २०२३ पासून, अहिल्यानगर २०२४ पासून. एकेक खातं तासाभरात तीस-चाळीस पानांवर जुनं नाव शोधून नवं घालत जातं. नाव तर अधिकृत आहे. मग हे उलटवायचं की ठेवायचं?

तळटीप

पानगळ, हे उत्पातात धरू नका. हेतू चांगला असतो. पण शोधा-आणि-बदला करणारा यंत्रासारखा चालतो, म्हणून मोडतोड होते, आणि ती हातानेच सावरावी लागते. पाहायच्या जागा सांगतो.

बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. तो छत्रपती संभाजीनगर झालेला नाही. बिहारच्या जिल्ह्यांच्या यादीत, तिथल्या लोकसभा मतदारसंघात हे नाव घुसलेलं असेल तर लगेच काढा.

उस्मानाबादी ही शेळीची जात आहे. तिचं नाव 'धाराशिवी' कुणी केलेलं नाही.

संदर्भात दिलेल्या पुस्तकाचं, लेखाचं, शासकीय अहवालाचं शीर्षक छापलंय तसंच राहिलं पाहिजे. १९७० च्या दशकातल्या अहवालाच्या नावात आजचं नाव घातलं, तर तो अहवाल ग्रंथालयात कुणालाही सापडणार नाही. अवतरणचिन्हांतला मजकूर तसाच.

चित्राचं नाव बदललं की चित्र गायब. वर्गाचं नाव बदललं की पान अस्तित्वात नसलेल्या लाल वर्गात जाऊन पडतं आणि मूळ वर्गातून निघून जातं. साच्यातल्या जिल्ह्याच्या नावावर नकाशा ठरत असेल तर नकाशाही जातो.

म्हणून असं संपादन सरसकट उलटवू नये, सरसकट ठेवूही नये. या चार-पाच जागा दुरुस्त करायच्या आणि त्या सदस्याला चर्चापानावर नेमकं काय मोडलं ते दोन ओळींत सांगायचं. सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

नीरक्षीर

तळटीप, अनुमोदन. बिहारच्या औरंगाबादची तपासणी सोपी करायची असेल, तर ते पान प्रत्येकाने आपापल्या पहाऱ्याच्या सूचीत (लक्ष ठेवायच्या पानांची यादी) घालून ठेवा.

सूचीचा विषय निघालाच आहे, तर एक सेटिंग. पसंतीक्रमात पहाऱ्याच्या सूचीसाठी 'फक्त शेवटचा बदल न दाखवता सगळे बदल दाखवा' असा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर उत्पातावर सांगकाम्याचं संपादन बसलं आणि तुम्ही सांगकामे लपवलेले असले, की ते पान सूचीतून सुटू शकतं. वरच्या उदाहरणात तुमच्या सूचीत गाव कदाचित आलंच नसतं.

साचेबंद

"लेखात शिवी दिसते, पण इतिहासात एकही नवा बदल नाही." चावडीवर (विकीवरच्या सामायिक चर्चेच्या पानावर) हा प्रश्न आला की लोक गोंधळतात. लेख सुरक्षित असतो. दुखणं लेखाबाहेर असतं. शोधायचा क्रम सांगतो.

आधी साचे. पान संपादनासाठी उघडलं की खाली त्या पानावर वापरलेल्या साच्यांची यादी येते. साच्यात साचा असतो, म्हणून यादी लांबते. एकेक उघडत बसण्यापेक्षा बाजूच्या पट्टीतलं 'संबंधित बदल' दाबा. त्या पानाशी जोडलेल्या लेखांत, साच्यांत नुकतं काय बदललं ते एकाच यादीत येतं; त्यात साचा नामविश्व (पानांचा प्रकार) निवडलं की दोषी साचा सहसा पहिल्या पाच ओळींत सापडतो. तो दुरुस्त केल्यावरही लेखात शिवी दिसत राहू शकते, कारण पानाची साठवलेली प्रत जुनी असते. लेख संपादनासाठी उघडा, काहीही न बदलता जतन करा. इतिहासात नोंद होत नाही, पान मात्र ताजं होतं. साचा हजारो पानांवर असेल तर बाकीची पानं रांगेने ताजी होतात, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात घाबरून साचा पुन्हा पुन्हा बदलू नका, प्रत्येक बदलामागे रांग वाढते.

मग चित्र. चित्रं बहुतेक कॉमन्सवर (सगळ्या विकींचा सामायिक चित्रसाठा) असतात. तिथे त्याच नावाखाली दुसरी प्रत चढवली की आपल्या लेखात चित्र बदलतं आणि आपल्या इतिहासाला पत्ताही लागत नाही. कॉमन्सवर चित्राच्या पानावर खाली प्रतींचा इतिहास असतो, तिथून आधीची प्रत परत आणता येते.

तिसरं विकिडेटा, म्हणजे सगळ्या विकिपीडियांचा सामायिक माहितीसाठा. मोबाइल ॲपमध्ये शीर्षकाखाली जी एका ओळीची ओळख दिसते, ती आपल्या लेखातून येत नाही. विकिडेटावरच्या मराठी वर्णनातून येते. नेत्यांच्या, अभिनेत्यांच्या नावाखालची शिवी बहुतेकदा तिथे लिहिलेली असते. लेखाच्या बाजूच्या पट्टीतून विकिडेटा कलमावर जा, मराठीचं वर्णन पाहा, तिथला इतिहास उघडून उलटवा. अलीकडील बदलांत विकिडेटाचे बदल दाखवण्याचा पर्याय असतो. तो चालू ठेवला तर यादी लांबते, पण हे प्रकार वेळेवर दिसतात.

तिन्ही ठिकाणी काही नसेल आणि फक्त गुगलच्या चौकटीत जुनी शिवी दिसत असेल, तर ती गुगलने आधी उचललेली प्रत आहे. आपल्याकडून करण्यासारखं काही उरत नाही, गुगलच्या चौकटीखाली अभिप्राय देता येतो.

कोरापान

नवीन आहे, म्हणून विचारते. गावाच्या पानावर कुणीतरी माणसांची नावं आणि मोबाइल क्रमांक टाकतात. हे उलटवलं की पुरे ना?

साचेबंद

पुरे नाही, कोरापान. चांगलं विचारलंत, कारण इथे उशीर झाला की काम गुणाकाराने वाढतं.

उलटवल्यावर क्रमांक चालू पानावरून जातो, पण इतिहासातली आवृत्ती कुणीही उघडू शकतं. ती आवृत्ती प्रचालकाला लपवावी लागते. आणि एक आवृत्ती लपवून भागत नाही. क्रमांक ज्या संपादनात आला तिथपासून तो काढला त्याच्या आधीच्या संपादनापर्यंत, मधली प्रत्येक आवृत्ती त्या क्रमांकासकट साठवलेली आहे. मधे दहा जणांनी चांगली भर घातली असेल, तर त्या दहाही आवृत्त्यांचा मजकूर लपतो. त्यांची भर लेखात राहते, पण कुणी काय लिहिलं ते पुढे पडताळता येत नाही.

म्हणून दिसताक्षणी काढा. सारांशात क्रमांक, नाव किंवा 'मोबाइल नंबर काढला' असं लिहू नका. 'अनावश्यक मजकूर काढला' एवढं बास. चावडीवर दुवा देऊ नका, तो सगळे वाचतात. प्रचालकाच्या सदस्यपानावरून 'या सदस्याला ईमेल पाठवा' वापरून फरकाचा दुवा पाठवा. घराचा पत्ता, आजार, अल्पवयीन मुलांची माहिती असं गंभीर असेल, तर ते प्रचालकांनाही दिसू नये असं लपवावं लागतं. ज्या विकीवर तो अधिकार स्थानिक कुणाकडे नाही, तिथे मेटाविकीवरच्या स्टुअर्ड मंडळींना (सगळ्या विकींवर अधिकार असलेले सदस्य) ईमेलने कळवायचं.

रानवाट

संपादन गाळणीबद्दल, म्हणजे जतन होताना संपादन आपोआप तपासणाऱ्या नियमाबद्दल, लिहायला हवं. दर काही दिवसांनी मागणी येते: शिव्यांची यादी करा, गाळणीला द्या, विषय मिटेल. मिटत नाही.

मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि त्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. म्हणजे एका शिवीची वीस रूपं. सगळी पकडायला मूळ तुकडा दिला, तर तो तुकडा भलत्या शब्दांत सापडतो. गाढवे, डुकरे, लांडगे, उंदरे ही आपली आडनावं आहेत. 'मूर्ख' अडवला तर दासबोधातल्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास 'मूर्खलक्षण' अडतो.

आणि गद्धेगाळ. शिलाहार-यादव काळातल्या दानलेखांच्या शिळांवर, दान मोडणाऱ्याला उद्देशून गाढवाची अश्लील शापवाणी कोरलेली असते, खाली तसंच शिल्प. ते शब्द मराठीच्या जुन्या कोरीव पुराव्याचा भाग आहेत. त्या लेखातून 'अश्लील मजकूर काढला' असा सारांश देऊन जो ती ओळ काढतो, तो नुकसान करतो. आणि गाळणी त्यालाच वाट देते, ओळ परत आणणाऱ्याला मात्र अडवते.

लहान विक्यांवर लक्ष ठेवणारे जागतिक स्वयंसेवकही येऊन जातात, आणि रोमन लिपीतला कचरा, कोरी केलेली पानं ते मिनिटांत उलटवतात. त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण त्यांना मराठी येत नाही. 'आहेत' चं 'होते' त्यांना दिसणार नाही, आणि गाढवे आडनावाचा आमदार त्यांना शिवी वाटेल. ती बाजू आपणच सांभाळायची.

गाळणी लावायचीच तर आधी फक्त नोंद करणारी लावा. काही आठवडे नोंदी वाचा, किती खरे, किती चुकीचे सापडले ते मोजा. मग संपादनावर खूणपताका (यादीत दिसणारी खूण) लावणारी करा. थेट अडवणारी गाळणी फक्त अशा गोष्टींना, ज्या चांगल्या संपादनात येऊच शकत नाहीत: एकच अक्षर चाळीसदा, अख्खं पान कोरं, संदर्भाच्या जागी जाहिरातीचा तोच तो दुवा.

घाटमाथा

रानवाट, पटलं. पण मग नोंदणी न केलेल्यांची संपादनं आधी उलटवावीत आणि नंतर तपासावीत, निदान वादग्रस्त लेखांवर, असं मला वाटतं. माणसं कमी आहेत.

रानवाट

नाही, इथे माझा विरोध आहे. गावाच्या नावाचं खरं उच्चारण, नदीचा खरा उगम, बंद पडलेली शाळा, हे दुरुस्त करून जाणारा वाचक बहुतेकदा नोंदणी न केलेलाच असतो. तो एकदाच येतो. त्याची दुरुस्ती उलटवली की चूक कायमची पक्की होते, वर तपासलेली म्हणून शिक्कामोर्तब होतं. वादग्रस्त लेख असेल तर नवख्यांसाठी अर्धसुरक्षित करायला सांगा, मुदत घालून. चर्चापान मात्र खुलं ठेवायचं, म्हणजे दुरुस्ती सुचवायची वाट उरते.

नीरक्षीर

दोघांच्या मधली एक जागा आहे, आणि तिथे घाटमाथा यांचं म्हणणं बरोबर आहे: हयात व्यक्ती. निधन, अटक, आजार, घटस्फोट, गुन्हा, धर्म किंवा जात, यातलं काहीही संदर्भाशिवाय आलं तर हेतू शोधत बसायचं नाही, आधी काढायचं. खरं निघालं तर संदर्भासह पुन्हा घालायला दोन मिनिटं लागतात. २००५ मध्ये इंग्रजी विकीवर जॉन सीगनथॉलर या पत्रकाराच्या लेखात खोटा आरोप घातला गेला आणि तो चार महिने तसाच राहिला. हयात व्यक्तींबद्दलचे कडक नियम त्यातूनच पुढे आले. निधनाची अफवा असेल तर तीन जागा एकदम तपासा: पहिल्या ओळीतली क्रियापदं, माहितीचौकटीतला मृत्युदिनांक, आणि तळाचा वर्ग. उत्पात करणारे क्रियापद बदलतात, घाईत तपासणारे चौकट दुरुस्त करतात, आणि 'मृत्यू' चा वर्ग तसाच राहतो.

ताकिदीबद्दलही सांगतो. ताकीद देताना कुठलं पान, कुठला फरक, ते चर्चापानावर नोंदवा. अडवण्याची विनंती आली की प्रचालक तेच पाहतो. नोंद नसेल तर त्याला सगळं योगदान पुन्हा चाळावं लागतं. आता नोंदणी न केलेल्यांच्या नावाजागी तात्पुरतं खातं दिसतं आणि अंकपत्ता (आयपी) ठरावीक अधिकार असलेल्यांनाच कळतो. ब्राउझरची कुकी पुसली की तोच माणूस नव्या खात्याने येतो. म्हणून खात्याच्या नावापेक्षा सवय ओळखा: तीच पानं, तेच शुद्धलेखन, तीच वेळ. हे शब्दांत लिहून प्रचालकाला द्या. जुन्या इतिहासात अंकपत्ते अजून दिसतात, पण मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. पत्ता जुळला म्हणजे माणूस जुळला असं धरू नका.

कोरापान

शेवटचं विचारते. लेखात चूक आज सापडली, पण ती कधी घुसली ते माहीत नाही. इतिहासात चारशे संपादनं आहेत. सगळे फरक उघडायचे का?

शब्दखूण

नाही, कोरापान. निम्म्यावर जा. जुन्याकडून मोजत दोनशेवी आवृत्ती उघडा आणि चूक आहे का पाहा. असेल तर ती त्याआधी आली, शंभराव्याकडे जा. नसेल तर नंतर आली, तीनशेव्याकडे जा. दर वेळी निम्मं कमी होतं, चारशेसाठी नऊ वेळा पाहणं पुरतं. विकिब्लेम नावाचं साधन हेच आपोआप करतं, इतिहासाच्या पानावर त्याचा दुवा मिळतो. एकच अडचण येते: मधे कुणी चूक काढली आणि नंतर ती पुन्हा घातली गेली असेल, तर निम्म्याची पद्धत चुकीच्या जागी नेते. सापडलेल्या फरकाच्या आधीच्या पाच-सहा आवृत्त्या म्हणून पाहायच्याच.

साधनात शोधायचे शब्द हाताने टंकू नका, लेखातूनच उचलून चिकटवा. हाताने टंकलेला 'दुसऱ्या' आणि लेखातला 'दुसर्‍या' साधनाला वेगळे दिसतात आणि ते 'सापडलं नाही' म्हणतं. सालाचंही तसंच, लेखात १९२७ देवनागरीत असेल तर देवनागरीतच शोधा. मधे कधी कुणी अंकांची लिपी बदलली असेल, तर शोध त्या संपादनावर येऊन अडतो. तिथे आलात की आधीच्या लिपीतला आकडा घेऊन पुन्हा सुरू करा.